फायकस बोन्सायची दर वर्षी होणारी पानगळ : ऊन कमी पडते की हवा कोरडी?

फायकस जातीची (म्हणजे वड, पिंपळ, उंबर यांच्याच वंशातली) बोन्साय झाडे सदनिकेत सांभाळणाऱ्यांची एक तक्रार दर वर्षी ठरलेल्या वेळी येते. डिसेंबर-जानेवारीत झाड भरगच्च आणि चकचकीत असते. फेब्रुवारी सरत आला, की आतल्या फांद्यांवरची पाने पिवळी पडू लागतात, आणि मार्चमध्ये रोज सकाळी कुंडीभोवती पानांचा सडा पडलेला दिसतो. उन्हाळा लागला, हवा कोरडी झाली, झाडाला दमटपणा कमी पडतो आहे, असा निष्कर्ष निघतो. मग फवाऱ्याची बाटली येते, कुंडीखाली खडे-पाण्याचे ताट येते, पाणी दिवसातून दोनदा घातले जाते, आणि एवढे करूनही पानगळ थांबत नाही. पावसाळ्यात झाड कसेबसे तग धरते, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच.

हे विवेचन पुणे, नाशिक, सातारा, छत्रपती संभाजीनगर अशा पठारी शहरांतल्या गॅलऱ्या डोळ्यांसमोर ठेवून केले आहे, आणि झाडे म्हणजे मुख्यतः फायकस मायक्रोकार्पा, त्याचाच फुगीर मुळांचा 'जिनसेंग' प्रकार आणि फायकस बेंजामिना ही आहेत. माझे मत असे, की या पानगळीत हवेच्या कोरडेपणाला फार जास्त दोष दिला जातो आणि प्रकाशाला फार कमी. झाड जागचे हललेले नसते, त्यामुळे त्याचा प्रकाश बदलला असेल ही शंकाच कोणाला येत नाही. प्रत्यक्षात जागा तीच राहून ऊन तिथून निघून गेलेले असते.

आधी एक वेगळी शक्यता निकालात काढावी. पिंपळ, पायर आणि उंबर यांची पानगळ हिवाळ्याच्या अखेरीस किंवा वसंताच्या तोंडावर स्वाभाविकपणेच होते आणि पाठोपाठ कोवळी पालवी फुटते. पिंपळाची तर तांबूस. वडही काही प्रमाणात असेच करतो. कुंडीतली झाडे हा क्रम विसरत नाहीत. अशा झाडाच्या फांद्यांच्या टोकांशी टोकदार, टणक डोळे दिसत असतील, तर काहीही उपचार करू नयेत. मायक्रोकार्पा आणि बेंजामिना मात्र सदाहरित आहेत. ती वर्षभर थोडी थोडी जुनी पाने टाकतात, पण एका महिन्यात निम्मे झाड उघडे पडणे हा त्यांचा स्वभाव नव्हे.

पडलेले पान हातात घेऊन पाहिल्यास बरेच उत्तर तिथेच मिळते. प्रकाश घटल्यामुळे गळणारे पान सहसा मऊ असते, एकसारखे पिवळे किंवा चक्क हिरवेच असते, देठासकट अलगद सुटते, आणि अशी गळती झाडाच्या आतल्या व खालच्या बाजूने सुरू होते, कारण सर्वांत कमी उजेड तिथेच पोहोचतो. कोरड्या हवेचा फटका बसलेले पान वेगळे दिसते: त्याचे टोक आणि कडा तपकिरी, कुरकुरीत होतात, पान बरेच दिवस फांदीलाच लटकून राहते, आणि नुकसान झाडाच्या बाहेरच्या, वारा लागणाऱ्या बाजूला अधिक असते. पाने पिवळी, माती मात्र ओलीगच्च आणि कुंडीला कुबट वास, असे असेल तर मुळे गुदमरलेली आहेत. पाने दुमडून पुरचुंडीसारखी झाली असतील आणि उघडल्यावर आत बारीक काळे किडे दिसले, तर ते फुलकिडे आहेत. त्यांचा या विषयाशी संबंध नाही, तेवढी पाने खुडून पिशवीत बांधून टाकून द्यावीत.

मार्चमध्ये नेमके काय घडते, ते दक्षिणाभिमुख गॅलरीवरून चांगले कळते, कारण आपल्याकडे झाडे ठेवण्यासाठी तीच गॅलरी उत्तम मानली जाते. पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश उत्तर आहे. त्यामुळे २१ डिसेंबरच्या सुमारास दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो साडेएकाहत्तर अंशांवर चढतो, मेच्या मध्यावर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारीही किंचित उत्तरेकडेच झुकलेला असतो. आता गॅलरी ५ फूट खोल आहे, वरचा स्लॅब ९ फुटांवर आहे आणि झाड ३ फूट उंच स्टँडवर, भिंतीला लागून ठेवले आहे, असे धरू. डिसेंबरमध्ये स्लॅबच्या कडेखालून येणारे ऊन स्टँडच्या उंचीवर ५ फुटांहून थोडे जास्त आत पोहोचते, म्हणजे झाड उन्हात न्हाऊन निघते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तेच ऊन त्या उंचीवर जेमतेम २ फूट आत येते. भिंतीजवळच्या झाडावर ते पडतच नाही. मेच्या मध्यावर गॅलरीत दुपारचे ऊन शून्य. बाहेर रस्ता रखरखत असतो, आपल्याला घाम फुटत असतो, आणि त्याच वेळी गॅलरीतले झाड वर्षातल्या गर्द सावलीत उभे असते.

योगायोग असा, की पठारावरची हवा कोरडी होत जाण्याचा काळही हाच आहे. दोन बदल एकाच वेळी होतात आणि त्यांतला एकच आपल्या अंगाला जाणवतो. त्यामुळे दोष त्याच्या माथी जातो.

आपले डोळे याबाबतीत साक्षीदार म्हणून फारसे विश्वासार्ह नाहीत, कारण उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते आणि खोली आपल्याला पूर्वीइतकीच उजळ वाटते. लक्स या प्रकाश मोजण्याच्या एककात उघड्यावरचे दुपारचे ऊन १,००,००० च्या आसपास असते. जुलैतल्या काळ्या ढगांखाली तेच ५,००० ते १०,००० वर येते. आणि खिडकीपासून ८-१० फूट आत, जिथे आपण आरामात वर्तमानपत्र वाचतो, तिथे ते ३०० ते ५०० लक्स भरले तरी पुष्कळ. मोबाइलमधले लक्स मोजणारे अ‍ॅप काटेकोर नसते, पण एका जागेची दुसरीशी तुलना करायला पुरते. मोबाइल पानांच्या उंचीवर, त्याचा सेन्सर आकाशाच्या किंवा खिडकीच्या दिशेने ठेवून मोजावे आणि सकाळी, दुपारी व संध्याकाळी अशी तीन वेळा नोंद घ्यावी. ते जमत नसेल तर दर महिन्याच्या एकाच तारखेला दुपारी साडेबाराला गॅलरीच्या फरशीवर उन्हाची कड खडूने आखून ठेवावी. तीन-चार महिन्यांत त्या रेषा बाहेर किती सरकल्या हे पाहिले, की पानगळीचे वेळापत्रक आपोआप उलगडते.

झाड पाने का टाकते, हेही समजून घ्यायला हवे, नाहीतर उपाय उलटे होतात. भरपूर उन्हात तयार झालेले पान जाड असते, त्याच्यात हरितद्रव्य असलेल्या पेशींचे थर अधिक असतात आणि ते पान जिवंत ठेवायला झाडाला साखरही अधिक खर्चावी लागते. प्रकाश एका मर्यादेखाली गेला, की त्या पानाची कमाई त्याच्या खर्चापेक्षा कमी होते, आणि झाड ते पोसत बसत नाही. बेंजामिना याबाबतीत विशेष उतावळा आहे; रोपवाटिकेतल्या उन्हातून थेट दिवाणखान्यात आणलेला बेंजामिना दोन-तीन आठवड्यांत निम्मी पाने टाकतो, हे अगदी नेहमीचे आहे. त्यानंतर येणारी पाने पातळ, रुंद आणि गडद असतात, दोन पानांमधली पेरी लांबतात. साध्या शोभेच्या कुंडीला याने काही बिघडत नाही, पण बोन्सायमध्ये लहान पान आणि आखूड पेरे हीच कमाई असल्यामुळे झाड जिवंत राहूनही त्याचा आकार विसविशीत होतो. झाड नुसते जगावे एवढीच अपेक्षा असेल तर १,०००-२,००० लक्समध्येही मायक्रोकार्पा रेंगाळत राहतो. बांधा टिकवायचा असेल तर माझ्या मते दिवसातले आठ-दहा तास निदान १०,००० लक्स आणि त्यातले दोन-तीन तास थेट ऊन असल्याशिवाय छाटणीचे कष्ट घेण्यात अर्थ नाही.

म्हणून पहिला उपाय म्हणजे झाड उन्हाच्या मागे हलवणे. दक्षिणेच्या गॅलरीत फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच स्टँड भिंतीपासून कठड्याकडे सरकवावा आणि मार्चपासून झाड ग्रीलच्या कडेला असावे. एप्रिल ते जुलै पूर्वेची खिडकी मिळाली तर सर्वोत्तम. उत्तरेची गॅलरी लोक वाया गेलेली समजतात, पण २१ मार्चनंतर २३ सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे या काळात समोर इमारत नसेल तर उत्तरेकडेही सकाळ-संध्याकाळ तिरपे, सौम्य ऊन येते. दक्षिणेच्या गॅलरीतले झाड एप्रिलमध्ये उत्तरेला आणि ऑक्टोबरमध्ये परत दक्षिणेला नेणे ही गोष्ट विचित्र वाटली तरी हिशेबाने बरोबर आहे. पश्चिमेची गॅलरी मात्र एप्रिल-मे महिन्यांत जपून वापरावी, कारण तिथे दुपारी तीन ते सहा या वेळेत ऊन, तापलेली भिंत आणि कोरडी हवा तिन्ही एकत्र येतात. तिथे ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट (सावलीची जाळी) लावल्यावाचून उथळ ट्रेमधली मुळे टिकत नाहीत.

जिथे कोणत्याच दिशेने ऊन येत नाही, तिथे एलईडी दिवा लावावा, पण तो छताला लावून उपयोग नाही. दिवा दूर नेला की पानांवरचा प्रकाश झपाट्याने घटतो. साधा पांढरा एलईडी पॅनेलसुद्धा झाडाच्या शेंड्यापासून फूट-दीड फुटावर आणि रोज बारा ते चौदा तास चालू असेल तर चालतो. अंतर किती ठेवायचे ते वॅटच्या आकड्यावरून ठरवू नये, पानांजवळ लक्स मोजून ठरवावे. झाड आठवड्यातून एकदा पाव फेरा फिरवावे.

पानगळ सुरू असताना पाणी वाढवणे हा सर्वांत घातक उपाय आहे. पाने कमी झाली, उजेड कमी झाला, म्हणजे झाडाचे पाणी पिणेही कमी झाले. ट्रे पूर्वीपेक्षा जास्त वेळ ओला राहतो आणि त्यात आपण भर घातली की मुळांना हवा मिळत नाही. मग खरोखरच मुळे सडून पाने गळतात आणि मूळ कारण कोणते होते हे कळायचा मार्गच बंद होतो. बोटाचे पहिले पेर मातीत घालून पाहावे, वरचा अर्धा इंच कोरडा असेल तरच पाणी द्यावे, आणि दिल्यास ट्रेच्या खालच्या भोकांतून वाहीपर्यंत द्यावे. खत, कुंडीबदल, तार बांधणे आणि मुद्दाम पाने काढणे ही चारही कामे नवी पालवी पक्की होईपर्यंत थांबवावीत. फांदी मेली की जिवंत आहे याची शंका असेल, तर नखाने सालीवर मोहरीएवढा ओरखडा काढावा: आत ओलसर हिरवे दिसले आणि पांढरा चीक पाझरला, तर ती फांदी जिवंत आहे, आत तपकिरी, कोरडे दिसले आणि चीक नसला, तर निरोगी भाग लागेपर्यंत मागे छाटावी. प्रकाश सुधारल्यावर जिवंत फांद्यांवर साधारण तीन ते सहा आठवड्यांत डोळे फुगू लागतात. थंडीत याहून वेळ लागतो.

सावलीतून उन्हात जातानाही झाडाला तितकाच धक्का बसतो. घरात वाढलेले झाड मे महिन्यात दया येऊन गच्चीवर ठेवले, तर दोन दिवसांत पानांवर फिकट, पांढुरके डाग पडतात आणि पुढे ते भाग वाळतात. भाजलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. घरातले झाड बाहेर काढण्याचा आपल्याकडचा सर्वांत सोयीचा मुहूर्त म्हणजे पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस. ढगांची शेडनेट फुकट असते आणि हवा आयती दमट असते. मात्र पावसाळाभर तयार झालेली पाने नाजूक, सावलीतलीच असतात. सप्टेंबर सरताना आकाश एकदम मोकळे होते, आणि 'ऑक्टोबर हीट'मुळे कडा करपल्या अशी जी तक्रार येते, ती बहुतांशी या नाजूक पानांना अचानक लागलेल्या उन्हाची असते. पाऊस उघडल्यावर पहिले दोन आठवडे दुपारी अकरा ते तीन शेडनेट ओढली, तर हे नुकसान टळते.

आता हवेविषयी. कोरडेपणा दुय्यम म्हटला तरी तो खोटा नाही. हवा झाडातून पाणी किती जोराने ओढते हे केवळ आर्द्रतेच्या टक्क्यांवर अवलंबून नसते, तापमानही त्यात मोजावे लागते. जुलैत २७ अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना हवेतली बाष्पाची तूट, म्हणजे हवा आणखी किती बाष्प सामावू शकते याचे दाबाच्या एककातले माप, साधारण ०.५ किलोपास्कल असते. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के असताना ती ५.३ किलोपास्कल होते, म्हणजे ओढ सुमारे दहापट. वातानुकूलित खोलीत २४ अंश आणि ५० टक्के धरले तर ती दीडच्या घरात येते, म्हणून वातानुकूलन यंत्रालाच सरसकट दोषी धरणेही बरोबर नाही; त्याचा थेट झोत झाडावर येत असेल तर तेवढा चुकवावा.

या दहापट ओढीपुढे फवाऱ्याची बाटली म्हणजे वणव्यावर चूळ टाकण्यासारखे आहे. उघड्या गॅलरीत फवारलेले पाणी काही मिनिटांत उडून जाते आणि हवेची आर्द्रता होती तिथेच येते. खडे-पाण्याच्या ताटाचा परिणामही अगदी थोडा, तोही ताटालगत. वारा सुटला की तेवढाही राहत नाही. शिवाय बोअरवेलच्या जड पाण्याने रोज फवारणी केली तर पानांवर क्षारांची पांढरी पुटे चढतात आणि आधीच कमी असलेला उजेड आणखी अडतो. फवारणीचा एकच खरा लाभ मी मानतो, आणि तोही धुण्याचा: उन्हाळ्यात पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड वाढते, आणि आठवड्यातून दोनदा सकाळी खालून वर जोरदार पाणी मारले तर तिचा जोर मोडतो. संशय असेल तर फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटकावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले आणि बोटाने पुसताच तांबूस रेघ उमटली, तर तो कोळीच.

ज्याने खरोखर फरक पडतो ते उपाय कमी आकर्षक आहेत. पश्चिमेचा वारा अडवण्यासाठी ग्रीलच्या त्या बाजूला शेडनेट किंवा बांबूची चटई बांधावी. एकटे झाड स्टँडवर मिरवण्यापेक्षा उन्हाळ्यापुरते मोठ्या कुंड्यांच्या घोळक्यात, त्यांच्या पानांना पान लागेल इतके जवळ ठेवावे. पसरट प्लास्टिकच्या ट्रेमध्ये दोन-तीन इंच जाड रेती भरून ती ओली ठेवावी आणि बोन्सायचा ट्रे तिच्यावर टेकवावा. याने हवेपेक्षा मुळांचे तापमान सांभाळले जाते, आणि मला तोच मोठा फायदा वाटतो. मुळांना पाणी अखंड मिळत असेल तर फायकस बरीच कोरडी हवा सोसतो. सोसत नाही ती दुपारी दोन वाजता कोरडा ठणठणीत पडलेला दीड इंच खोल ट्रे. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत सकाळचे पाणी भरपूर आणि पूर्ण, आणि माती सुकत असेल तर संध्याकाळी पुन्हा, हा क्रम ठेवावा. गॅलरीतल्या कोरडेपणाचा अंदाज अंगावरून न घेता स्वस्तातला डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) सावलीत, झाडाच्या उंचीवर टांगावा.

कडा करपल्या म्हणजे हवाच कोरडी, असेही धरून चालू नये. पाण्यातले क्षार मातीत साठले की पानांची टोके हुबेहूब तशीच जळतात. ट्रेच्या कडेला किंवा भोकांशी पांढरी खरवड दिसत असेल, तर महिन्यातून एकदा ट्रेच्या मापाच्या चार-पाचपट गोडे पाणी सावकाश ओतून माती धुऊन काढावी. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर जड पाण्यामुळे लोह मिळत नाही असे समजावे. पावसाळ्यात साठवलेले पाणी यासाठी सोन्यासारखे.

प्रदेशानुसार हा हिशेब बदलतो. मुंबई, रत्नागिरी, गोवा इथे वर्षभर हवा पुरेशी दमट असल्याने उघड्या गॅलरीत आर्द्रतेसाठी काहीही करू नये. तिथे पानगळ झाली तर आधी प्रकाश आणि मग मुळे तपासावीत. पारंब्या सुटायला जी दीर्घकाळ साचलेली दमट हवा लागते तीही किनाऱ्यावर सहज मिळते. पठारावर त्यासाठी जून ते सप्टेंबरमध्ये खोडाभोवती पारदर्शक प्लास्टिकचा आडोसा करावा लागतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात कूलर चालू असलेल्या खोलीत झाड आणण्याची पद्धत आहे. हवा तिथे दमट असते हे खरे, पण खिडक्यांना ताट्या लावलेल्या त्या खोलीत प्रकाश नसतो, आणि झाड जूनमध्ये उघडेबोडके बाहेर येते. त्यापेक्षा बाहेर, दाट शेडनेटखाली, ओल्या रेतीवर ते सुखी राहते. लंडन किंवा टोरोंटोतल्या मराठी घरांत प्रश्न वेगळाच आहे, कारण १० अंशांखालची थंडी फायकसला मानवत नाही आणि झाड आत घ्यावेच लागते. लंडनमध्ये २१ डिसेंबरला दुपारचा सूर्य जेमतेम १५ अंशांवर असतो आणि दिवस आठ तासांचाही नसतो. हीटरमुळे हवाही कोरडी होते. अशा ठिकाणी दिवा आधी घ्यावा, ह्युमिडिफायर (हवा दमट करणारे यंत्र) नंतर, आणि दोन्हींचा खर्च टाळायचा असेल तर जुन्या काचेच्या मत्स्यपेटीत लहान झाड ठेवून वर दिवा लावावा.

पावसाळ्यात उलट काळजी घ्यावी. त्या काळात दमटपणा भरपूर असतो आणि प्रकाश कमी, त्यामुळे उन्हाळ्यात केलेला घोळका मोडून झाडांमध्ये वारा खेळेल इतके अंतर ठेवावे, रेतीचा ट्रे काढून घ्यावा, आणि ट्रेखाली दोन पट्ट्या सरकवून निचऱ्याची भोके मोकळी ठेवावीत. काळे डाग पडलेली पाने झाडावर राहू देऊ नयेत.

शेवटी इतर जातींविषयी थोडे. जेड आणि अडेनियम यांना दमट हवेची गरजच नाही, ऊन मात्र फायकसहून अधिक लागते. त्यांच्यावर फवारणी करणे म्हणजे सडण्याला आमंत्रण. कामिनी मध्यम आहे आणि पुण्याच्या हवेत रुळते. फुकियन टी मात्र खरोखर कोरड्या हवेला नाजूक आहे. तिच्या कळ्या आणि कोवळी पाने मार्चच्या वाऱ्यात वाळतात, आणि पठारावर तिच्यासाठी आडोसा आणि कुंड्यांचा घोळका होळीपूर्वीच तयार ठेवावा लागतो.